कारणाचा रकाना

पॅनेल : छताचे, मागचे

"काका, उतरलं का?"

"छत उतरत नसतं साहेब. आपल्यालाच चढावं लागतं."

खालून हसू आले नाही. शिफ्ट-इंजिनियर घाईत होता. हँगरमध्ये सगळे त्याला सहीसाहेब म्हणत. त्याच्या सहीशिवाय विमान जागचे हलत नसे, आणि सही करण्यापलीकडे तो स्वतःही फारसा हलत नसे.

"दोन चाळीसला सुटायचंय हे. कॅप्टननं 'मध्यम' लिहिलंय. म्हणजे तुमचं एक पॅनेल, दोन दिवे, झालं."

"दिवे शाबूत आहेत."

"मग एक पॅनेल. त्याला असा किती वेळ लागतो?"

"फुटायला की बसवायला?"

सहीसाहेब पुटपुटत निघून गेला. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाने दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि शेवटची खिटी मोकळी केली.

तेवीस वर्षे तो विमानांची छते बसवत होता. बाहेरचा पत्रा नव्हे. आतले, प्रवाशांच्या डोक्यावरचे, फिकट रंगाचे प्लास्टिकचे छत. विमान ज्या भागांच्या जोरावर उडते त्यांतला एकही भाग त्याच्या हाताखालून जात नसे. छत नसले तरी विमान उडेल, हे इंजिनवाल्यांनी त्याला पहिल्याच आठवड्यात ऐकवले होते. "उडेल की," तो म्हणाला होता, "पण लोकांना उघड्यावर आल्यासारखं वाटेल." तेव्हापासून तो छतवाला. केस पिकल्यावर छतवाले काका.

वैमानिकाची नोंद : मध्यम

हवेतल्या धक्क्यांसाठी नोंदवहीत तीन शब्द आहेत. हलका, मध्यम, तीव्र. हलका म्हणजे चहा डचमळतो. मध्यम म्हणजे चहा सांडतो. तीव्र म्हणजे चहा छताला लागतो.

पुस्तकात असे लिहिलेले नाही. हे त्याच्या बायकोचे वर्गीकरण. ती तीस वर्षे हवाई सेविका होती, कंपनीतली सगळ्यांत जुनी. लग्न जमले तेही एका छतामुळेच. मागच्या पँट्रीवरचे पॅनेल खडखडते अशी तिने सलग चार वेळा तक्रार केली होती आणि चौथ्या वेळी तो स्वतः विचारायला गेला होता, की बाई, खडखडतं ते पॅनेल की तुम्ही?

शब्द तीन असले तरी फरक शेवटच्या दोनांतच पडतो. मध्यम लिहिले की मोडलेले दुरुस्त करायचे आणि विमान सोडायचे. तीव्र लिहिले की विमान उभे राहते, पंखांपासून शेपटीपर्यंत सगळे तपासतात, आणि आतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला डॉक्टरपुढे उभे करतात.

हे विमान काल संध्याकाळी आले होते. तिचेच होते.

"हललं का?" त्याने दार उघडताना विचारले होते.

"हललं."

"किती?"

"मध्यम."

आता, शिडीवर, त्याला ते आठवले आणि खटकले. घरात ते शब्द कधी कुणी वापरत नसे. घरात चहा डचमळायचा, सांडायचा, छताला लागायचा.

"ट्रॉली उडाली," ती पुढे म्हणाली होती. "छताला टाळी देऊन आली. तुला उद्याचं काम लावून ठेवलंय."

"लागलं कुणाला?"

"ट्रॉलीला."

मग बॅग कोपऱ्यात ठेवून ती खिडकीपाशी बसली. बराच वेळ बाहेर बघत राहिली. "तो पट्टा कधीच हलायचा नाही रे," ती म्हणाली. "समुद्र संपला की पुढची चाळीस मिनिटं म्हणजे आमची हक्काची चहाची वेळ. डोळे मिटून ओतावा. सत्तावीस वर्षं तिथं एक थेंब सांडला नाही. आता तीन वर्षं झाली, तिथंच सगळं बिनसतंय. आणि बाहेर बघावं तर काही नाही. लख्ख."

त्याने चहा पुढे केला. तिने कप डाव्या हाताने घेतला.

खूण

पॅनेल काखेत धरून तो खाली उतरला. शेवटच्या ओळीतल्या तीन खुर्च्यांवर ते आडवे ठेवले आणि खिडकीची पापणी वर सरकवली. ऊन तिरपे आले.

ट्रॉली आपटली की सरळ रेघ उमटते. तिचा कोपरा लागला तर त्रिकोणी भोक. बॅगने नुसते खरचटते. चहाची किटली गोल कडी सोडते, आत डाग. डोके आपटले की वाटीसारखा खळगा पडतो आणि त्यातून चार-पाच बारीक तडे कोळ्याच्या पायांसारखे बाहेर निघतात.

हा वाटीसारखा होता.

वाटीच्या कडेला दोन टोचे होते, शेजारीशेजारी. पिनांचे. म्हणजे अंबाडा. म्हणजे प्रवासी नव्हे. त्या विमानावर अंबाडा घालणाऱ्या तिघी होत्या, आणि अजून त्याला तिघींपैकी कुणीही चालले असते.

मग त्याला डाग दिसला. खळग्याच्या मधोमध, काळपट तपकिरी, रुपयाएवढा. त्याने फडक्यावर स्पिरिट घेतले आणि घासले. फडके थोडे मळले. डाग फिकटला, गेला नाही. तो जाणार नाही हे त्याला घासण्याआधीच माहीत होते, कारण घरी न्हाणीघरातल्या फरशीवरचाही गेला नव्हता. दर तिसऱ्या रविवारी ती स्टुलावर बसायची आणि तो जुन्या दाढीच्या ब्रशाने तिच्या मागच्या केसांना रंग लावायचा. "मागचं मला दिसत नाही," ती म्हणायची, "आणि प्रवासी नेमकं तेच बघतात." मागचा रविवार परवाच झाला होता.

त्याने खळग्यात अंगठा ठेवला. पहिले पेर पूर्ण बुडले.

हे मध्यम नव्हते.

कारण :

तो खुर्चीत बसला, पुढचे टेबल पाडले आणि कार्ड भरायला घेतले. पॅनेल क्रमांक. जागा. खूण. त्यानंतर कारण.

या रकान्याचा इतिहास सांगितला पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पॅनेलवर त्याला असाच खळगा मिळाला होता. त्याने कारणात 'डोके' असे लिहिले. त्यावर चौदा पानांचा फॉर्म आला. कुणाचे डोके, कुठल्या दिशेने, प्रवाशाने पट्टा बांधला होता का, विमान किती उंचीवर होते. तो तीन दिवस भरत बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या फोरमनने त्याच्या हातातून पेन काढून घेतले. "हे छत जुनं होतं की नाही?" "होतं थोडं." "मग झालं तर. वापरलं की झिजतं. झीज लिही. झिजेला फॉर्म नसतो."

तेव्हापासून झीज. ट्रॉली आपटली, झीज. म्हाताऱ्याचे डोके, झीज. एकदा तड्यात लहान मुलीची केसांची चाप अडकलेली मिळाली होती, प्लास्टिकची, पिवळी. ती त्याने हँगरच्या खिडकीत ठेवली आणि लिहिले, झीज. सुरुवातीला अशी पॅनेले वर्षाला तीन-चार यायची. मग महिन्याला एक. अलीकडे पंधरवड्याला एक तर धरूनच चालायचे. तो आणि त्याच्याबरोबरचे दोघे, तिघांच्याही हाताला तो शब्द असा बसला होता की कार्ड दिसले की पेनच लिहायचे.

आत्ताही पेनने तेच केले. झ काढला.

आणि तिथे तो थांबला.

कार्डावर खाडाखोड चालत नाही. केलीच तर तिथे सहीसाहेबाची सही घ्यावी लागते, आणि सहीसाहेब विचारणार, आधी काय होतं, का खोडलं. रकान्यात एकटा झ उभा राहिला. त्याने पेनाला टोपण लावले, पॅनेल पालथे घातले आणि तो बाहेर पडला.

(या मजकुराला कार्डावर जागा नाही)

हँगरच्या मागे पाण्याच्या टाकीची सावली होती. तिथून त्याने फोन लावला.

"डोकं दुखतंय का?"

"काय?"

"डोकं. तुझं. दुखतंय का?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"छत बघितलंस," ती म्हणाली.

"छतच बघतो मी. दुसरं काय येतं मला."

"अरे, ट्रॉली…"

"ट्रॉलीला अंबाडा नसतो."

"पिना सगळ्याजणींना कंपनीच देते. सारख्याच."

"आणि केसांचा रंग? तोही कंपनीच देते?"

ती हसली. हसताना मध्येच 'स्स' असा आवाज आला आणि हसणे संपले.

"पडदा लावला होता," तिने सांगायला सुरुवात केली. "पोरी पुढे गेल्या होत्या, मी एकटीच कप मांडत होते. विमान खाली गेलं आणि मी तिथंच राहिले. मी नाही वर गेले. छतच आलं माझ्याकडे. मग पाय लागले जमिनीला. एवढंच."

"कॅप्टननं विचारलं असेल."

"विचारलं ना. फोनवर. मागे सगळं ठीक? म्हटलं, ठीक. त्या बिचाऱ्याचा काय दोष. पुढे त्यांना निम्मंसुद्धा जाणवत नाही, शेपटीच जास्त उडते."

"हाताला काय झालंय?"

"कुठल्या?"

"ज्यानं काल कप धरला नाहीस त्या."

"मुंग्या येतात. दोन बोटांना. जातील."

"शुक्रवारी कुठला मार्ग आहे?"

ती बोलली नाही. म्हणजे तोच.

"ऐक," ती म्हणाली. "डॉक्टरकडे मी जाईन. माझी मी जाईन, गुपचूप. पण तुझ्या त्या कार्डावर आलं की ते मला खुर्चीत बसवणार. कायमची. अजून सहा वर्षं आहेत माझी. सहा वर्षं फायलींना काय सूचना देऊ, पट्टे बांधा? तू मला जमिनीवर चालताना नीट बघितलंयस कधी? अडखळते मी. विमानाचं नाक वर असतं, तीस वर्षं चढावर चाललेय मी. सपाटीवर मला सुचत नाही."

"मुंग्या मानेतून येतात. तिचं काय झालंय ते कळल्याशिवाय…"

"मान माझी आहे."

"माहितीय."

"तेवीस वर्षं लोकांच्या डोक्यांना झीज म्हणालास. मग माझ्याच डोक्याला काय सोनं लागलंय? अजून एकदा लिही. माझ्यासाठी लिही."

टाकीतून पाणी ठिबकत होते. त्याने बूट थोडा बाजूला घेतला.

"अहो," ती म्हणाली, "ऐकताय ना?"

ती त्याला तू म्हणायची. अहो म्हणाली की समजायचे, दार लागले.

कारण : झ

झोका. झुळूक. झळ. झेप. यांतले काहीच छताला पडलेल्या खळग्याचे कारण होत नव्हते. 'झाकले' चांगले बसत होते. तेवीस वर्षांचे खरे कारण तेच होते, पण विचारले होते ते या पॅनेलचे.

शुक्रवारी ती पुन्हा पडदा लावून उभी राहील. कप मांडेल, डाव्या हाताने. समुद्र संपेल. बाहेर लख्ख असेल.

या विचाराच्या पुढे त्याला जाता येईना. पंखांच्या सांध्यांचा विचार त्याने केला, पण तो नंतर, आणि थोडा कर्तव्य म्हणून. पंख त्याच्या कामात येत नव्हते. त्या मानेवर दर तिसऱ्या रविवारी तो टॉवेल गुंडाळत आला होता.

त्याने टोपण काढले आणि झ च्या पुढे लिहिले : टका.

झटका. मग आणखी : डोके, केबिन कर्मचारी. खोली अंगठ्याचे एक पेर. शेवटी सगळ्या अक्षरांच्या माथ्यावरून एकच शिरोरेघ ओढली, तेव्हा ते एखाद्या साध्या कारणासारखे दिसू लागले.

सही

"हे काय आहे?"

"कारण."

"कारण झीज असतं काका."

"हे पॅनेल पाच महिन्यांपूर्वी मीच बसवलंय. पाच महिन्यांत झिजायला ती काय चप्पल आहे?"

"आजवर पाच-पाच महिन्यांची झिजलीच की!"

"झिजली."

"मग ही पण झिजू दे ना!" सहीसाहेबाचा आवाज चढला आणि रिकाम्या विमानात पुढपर्यंत गेला. त्याने तो खाली आणला. "कुणाचं डोकं? चारही जणांनी ठीक म्हणून लिहून दिलंय. तुम्ही काय डोकी ओळखता?"

"हे ओळखतो."

"सांगा मग. कुणाचं?"

"बायकोचं. माझ्या."

सहीसाहेब खुर्चीच्या हातावर टेकला. त्याने घड्याळाकडे पाहिले, मग पालथ्या पॅनेलकडे, मग स्वतः उठून ते उलटे केले. बराच वेळ त्यात अंगठा घालून उभा राहिला. एवढ्या वर्षांत त्याने एकाही छताला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"झीज लिही म्हणाली."

"आणि तुम्ही…"

त्याने खिशातून पेन काढले.

"दोनशे माणसं येऊन बसलीत तिकडे. मला आता फोनवरून शिव्यांचा मार."

"बसेल."

"तुम्हालाही बसेल घरी."

"नाही बसणार," छतवाला म्हणाला. "तीच तर भीती आहे."

केलेले काम

विमान एकोणीस तास उभे राहिले. पंखांचे सांधे, इंजिनांचे आधार, शेपटीचे बोल्ट, सगळे दिव्याखाली घेतले. काहीच सापडले नाही. इंजिनवाला म्हणाला, "काका, एका खळग्यापायी रात्रभर जागवलंत राव आम्हाला." दुसऱ्या दिवशी सकाळी ते वेळेवर सुटले. नवे पॅनेल त्यानेच बसवले होते.

तिच्या मानेत सापडले. दोन मणक्यांमधली गादी सरकून हाताकडे जाणाऱ्या नसेवर बसली होती. डॉक्टर म्हणाला, असाच आणखी एक धक्का बसला असता तर हात गेला असता, किंवा हाताबरोबर बरेच काही. कागदावर मात्र त्याने दोनच शब्द लिहिले. उड्डाणास अयोग्य. खाली मुदतीचा चौकोन होता, त्यात 'कायम'.

प्रवाशांशी बोलायचा तिचा एक आवाज होता. मऊ, सारखा, कुठेही न अडकणारा. दारू चढलेल्या माणसालाही त्या आवाजात ती 'बसून घ्या' म्हणाली की तो बसून घ्यायचा. घरात तो आवाज तिने कधी आणला नव्हता. आता आणला.

"अहो, जेवण झाकून ठेवलंय."

"अहो, तुमचा फोन वाजतोय."

मानेला पांढरा पट्टा असल्याने तिला नुसती मान वळवता येत नसे. बोलायचे असले की खांद्यांसकट सगळी वळे, आणि ते तिला बहुधा टाळायचे असे. म्हणून ही वाक्ये भिंतीला, फ्रिजला, खिडकीला ऐकवलेली असत. एकदा तो धीर करून म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाला ते तूही ऐकलंस ना? हात गेला असता."

"हो. तुमचं बरोबरच होतं," ती म्हणाली. त्याच आवाजात.

तीन रविवार होऊन गेले. स्टूल न्हाणीघरात तसेच होते. तिच्या मागच्या केसांत मुळांशी अर्धे बोट पांढरी रेघ आली. ती तिला दिसत नव्हती. त्याला दिसत होती, आणि विचारायची सोय नव्हती.

शेरा

आठवडी सुट्टीच्या दिवशी अकरा वाजता बेल वाजली. दारात चष्मा लावलेली, पस्तिशीची एक बाई उभी होती. वरच्या हवेतल्या वाऱ्यांचा अभ्यास करते असे तिने सांगितले. कंपनीने तिला कार्डे बघायची परवानगी दिली होती, आणि पत्ता सहीसाहेबाने.

बायकोने पाणी आणून ठेवले, डाव्या हाताने, आणि ती आत गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला.

"तेवीस वर्षांची कार्डं बघितली मी," ती बाई म्हणाली. "हजारो आहेत. त्यांत डोकं हा शब्द दोनदाच येतो. एकदा पहिल्या वर्षात, एकदा मागच्या महिन्यात. दोन्हीकडे अक्षर एकच आहे. म्हटलं, या माणसाला भेटावं."

"तुम्हाला काय हवंय त्यातून?" त्याने विचारले.

तिने टेबलावर एका हातावर दुसरा हात ठेवला. "वर दहा-अकरा किलोमीटरवर वाऱ्याची एक नदी वाहते. तुमची विमानं तिच्यातूनच जातात. हवामान तापतंय तसा त्या उंचीवर गरम आणि थंड भागांतला फरक वाढतोय. मग नदीचे थर एकमेकांवर असे घासतात." वरचा हात तिने जोरात पुढे सरकवला. "ढग नाही, पाऊस नाही, रडारवर काही नाही. आमच्या गणितात हे वाढताना दिसतं. पण गणितावर किती विश्वास ठेवणार? माणसांना काय लागलं, कधी लागलं, ते हवं. आणि तुमच्या नोंदींत कुणाला काही लागतच नाही. नुसती छतं म्हातारी होतात."

"झीज," तो म्हणाला.

"झीज मात्र सातपटीनं वाढलीय. कंपनीच्या ते लक्षातही आलं. उपायसुद्धा केलाय त्यांनी."

"कसला?"

"दोन वर्षांपूर्वी प्लास्टिक बदललं. अधिक टिकाऊ आणलं."

नवे प्लास्टिक कडक होते. बोटांना ते पहिल्याच दिवशी कळले होते. जुने दबायचे, हे दबत नव्हते.

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

तो म्हणाला, "आठवतील तेवढी सांगतो. तुम्ही लिहून घ्या." त्याने डोळे मिटले, म्हणजे छते दिसावीत. "मागच्या वर्षी. मार्च. सोळाव्या ओळीच्या वर, लहान खळगा होता. मुलाचं डोकं असावं."

तिची बोटे लॅपटॉपवर चालू लागली. "मार्ग कुठला? किती वाजता?"

"ते मला कसं माहीत असणार? माझ्याकडे छत येतं तेव्हा विमान उभं असतं."

"निदान उंची? हवा कशी होती?"

त्याने मान हलवली. एवढ्या डोक्यांची मोजमापे त्याच्या अंगठ्यात होती आणि त्यांतल्या एकालाही हवा नव्हती.

"मार्च नव्हे. फेब्रुवारीचा शेवट."

बायको आतल्या दारात उभी होती. खांद्यांसकट वळून, पूर्ण त्याच्याकडे.

"आणि मुलगा नव्हता तो. बाई होती, ठेंगणी. पट्टा सोडून वरची बॅग काढत होती. समुद्र संपून वीस मिनिटं झाली होती, सकाळचे सव्वानऊ. तू दुसऱ्या दिवशी पॅनेल बसवलंस आणि घरी येऊन म्हणालास, चिमुरडं डोकं होतं गं. मी म्हटलं नाही तेव्हा, की त्या बाईला चार टाके पडले."

"का नाही म्हणालीस?"

"तुला झोप आली नसती."

तिने खुर्ची ओढली. बसायला वेळ लागला. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "नुसता ऐकत काय बसलास? कागद घे. रकाने पाड. छत तू सांग, हवा मी सांगते."

त्याने कागद आणला. पट्टी मिळाली नाही म्हणून वर्तमानपत्राची घडी धरून रेघा ओढल्या. ती बाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

पिवळ्या चापवाली मुलगी निघाली. ती या दोघांच्या लग्नाच्याही आधीची होती. मग म्हातारा. मग एक नुकतीच नोकरीला लागलेली सेविका, जिने परत आल्यावर राजीनामा दिला आणि कारण लिहिले 'घरगुती'. ती सांगत गेली. महिना, वेळ, समुद्र संपून किती मिनिटे, खाली काय दिसत होते. तो मध्येच खोली सांगायचा, अर्धे पेर, पाऊण पेर, आणि ती म्हणायची, हो, तेवढंच असणार. दुपार झाली. कुणी जेवणाचे नाव काढले नाही.

"एक विचारू?" ती बाई म्हणाली. "धक्का म्हणजे नेमकं कसं होतं, ते दाखवता येईल? आधीपासून. अगदी शांत असल्यापासून."

तिने डावा तळहात टेबलाच्या वर, वीतभर उंचीवर आडवा धरला. "हे असं," ती म्हणाली. "कुठं काही नाही. मी कप मांडतेय." हात थोडा वेळ तसाच राहिला. मग एकदम खाली गेला, इतका एकदम की तो आणि ती बाई दोघेही दचकले, आणि टेबलापासून बोटभर अंतरावर थांबला.

"आणि नंतर?"

"नंतर पुन्हा हेच." तिने तळहात होता तिथे वर नेला.

दोघेही खाली वाकून लिहू लागले. त्यांचे लिहून होईपर्यंत तिने तो तिथेच धरून ठेवला. सपाट. जराही न हलवता.